घोड्याची मोजणी, दोन कॅसेटी आणि ओळ क्रमांक 50

स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर 'सेव्ह' केलं की टेपवर नेमकं काय जातं आणि काय मागे राहतं, हे मला एकाच प्रोग्रामने शिकवलं. तो एका बैठकीत संपत नव्हता. लिहिलेला प्रोग्राम जपून ठेवणं सोपं. अर्धवट झालेली मोजणी जशीच्या तशी बाजूला ठेवायची, वीज बंद करायची आणि दुसऱ्या रात्री नेमकी तिथून उचलायची, हे काम निराळं.

यंत्र होतं डीबी स्पेक्ट्रम प्लस. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने 1982 साली स्पेक्ट्रम बाजारात आणला, 1984 मध्ये त्याचं जरा बऱ्या कीबोर्डचं 'प्लस' रूप आलं, आणि त्याची परवान्याखाली बनलेली भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सची. आत 3.5 मेगाहर्ट्झचा झेड80ए, 16 के रॉम आणि 48 के रॅम. डिस्क वगैरे काही नाही. बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा रॉममध्येच असल्यामुळे पिन लावली की क्षणात तयार, आणि पिन काढली की सगळं साफ. साठवायचं तर घरातला टेपरेकॉर्डर हाच एक मार्ग.

टीव्ही कुणाला हवा असला तरी अडत नव्हतं. मागची वायर काढून टीव्ही बातम्यांना देऊन टाकला तरी आतला प्रोग्राम आपला चालूच राहतो. फक्त आपल्याला दिसत नाही. अडचण विजेची. ॲडॉप्टर इतका तापायचा की रात्रभर तो चालू ठेवायला बाबांची सक्त मनाई होती. झोपण्याआधी ते स्वतः येऊन बटण बघून जायचे. शिवाय पुण्यात गुरुवारी लाइट जायचीच, इतर वारी तिची मर्जी. म्हणजे मोजणी कितीही लांबली तरी तिचे तुकडे पाडणं भाग होतं.

मोजणी होती बुद्धिबळाच्या घोड्याची. पाच बाय पाचचा पट, घोडा कोपऱ्यात. अडीच घरं चालत प्रत्येक घराला एकदाच पाय लावून पंचवीसही घरं फिरायची असे मार्ग किती? एक मार्ग कागदावर सापडतो. सगळे मोजायचे तर यंत्रच हवं. पद्धत साधी: पुढे जाता येईल तोवर जा, वाट संपली की एक पाऊल मागे ये, दुसरी दिशा धर. सिंक्लेअर बेसिकमध्ये हे सेकंदाला दोन-तीन चालींच्या गतीने व्हायचं. कोपऱ्यातून घोड्याला पहिल्या चालीला दोनच घरं असतात आणि ती एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं, त्यामुळे निम्मा शोध घेऊन दुप्पट केलं तरी चालतं. तेवढ्यालाही कितीतरी तास लागणार होते.

सुरुवातीला हे मी गोसबने, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याला बोलावून काम झालं की परत यायच्या आज्ञेने, लिहिलं होतं. एक सबरूटीन, तीच स्वतःला बोलावते, वाट संपली की रिटर्न. वाचायला फार छान. पण तुकड्यातुकड्याने चालवायचं ठरल्यावर मनात शंका आली म्हणून आधी दोन छोट्या चाचण्या करून पाहिल्या. त्या आजही कुणाला करता येतील.

पहिली: तीन ओळींचा प्रोग्राम. आय 1 पासून 1000 पर्यंत, प्रत्येक वेळी डाव्या कोपऱ्यात आय छापायचा, नेक्स्ट आय. मध्येच ब्रेक दाबला. समजा आकडा 57 वर थांबला. टेपवर सेव्ह केलं, 'न्यू' म्हणून मेमरी पुसली, टेपवरून परत लोड केलं आणि रन न म्हणता नुसतं 'नेक्स्ट आय' टाइप केलं. पडद्यावर 58 आलं आणि गाडी पुढे चालू लागली. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला जादू वाटली. कारण असं की स्पेक्ट्रम बेसिक प्रोग्रामच्या जोडीने व्हेरिएबल्स, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पेही, टेपवर घालतो, आणि फॉरच्या व्हेरिएबलमध्ये नुसता आकडा नसतो. त्याची शेवटची मर्यादा, पायरी, आणि लूप कुठल्या ओळीच्या कितव्या विधानापासून सुरू होतो हेसुद्धा त्याच 19 बाइट्समध्ये असतं. लूपचा पत्ता लूपच्याच खिशात.

दुसरी चाचणी तशीच, फक्त गोसबच्या आत शिरल्यावर ब्रेक. सेव्ह, न्यू, लोड, 'रिटर्न'. उत्तर आलं: '7 रिटर्न विदाउट गोसब'. गोसबचे परतीचे पत्ते रॅमटॉपच्या, म्हणजे बेसिकच्या मेमरीच्या वरच्या टोकाच्या, खाली प्रोसेसरच्या स्टॅकवर (पत्त्यांच्या चळतीवर) असतात, आणि तो भाग टेपवर जातच नाही. टेपवर जातो तो प्रोग्रामच्या सुरुवातीपासून व्हेरिएबल्सच्या शेवटापर्यंतचा सलग पट्टा. पडद्यावरचं चित्र नाही, रीड ही वाचण्याची आज्ञा प्रोग्राममधल्या कुठल्या डेटापर्यंत पोचली ती खूण नाही, आणि शेवटी कुठल्या ओळीवर थांबलो ती नोंदही नाही. म्हणून लोड केल्यावर कंटिन्यू या 'पुढे चालू'च्या आज्ञेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो.

गंमत म्हणजे याच कंपनीचा आधीचा, 1 केचा झेडएक्स81 या बाबतीत पुढे होता. तो आपले सिस्टीम व्हेरिएबल्स, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या नोंदी, आणि पडदा दोन्ही टेपवर घालायचा. प्रोग्रामच्याच एका ओळीत सेव्ह लिहिलं, तर लोड झाल्यावर तो आपोआप पुढच्या ओळीपासून चालू लागायचा. वेग रडतखडत आणि तपासणीची सोय शून्य, पण 'होतो तिथून पुढे' हे त्याला जन्मजात येत होतं. स्पेक्ट्रममध्ये ते आपण घडवायचं.

मग सबरूटीन मोडून टाकली. स्टॅक माझा मीच ठेवला, ॲरेमध्ये, म्हणजे एकाच नावाच्या क्रमवार कप्प्यांमध्ये. एक्स आणि वाय या दोन ॲरेंत कितव्या चालीला घोडा कुठे होता ते, डी मध्ये त्या चालीवर आठपैकी कितवी दिशा आजमावून झाली ते, बी हा पाच बाय पाचचा पट, एन म्हणजे सध्या कितवी चाल, सी म्हणजे सापडलेले मार्ग. घोड्याच्या आठ दिशांचे आकडेसुद्धा सुरुवातीला एकदाच डेटातून वाचून ॲरेत टाकले, म्हणजे नंतर रीडशी संबंधच नको. आता शोधाची सगळी अवस्था व्हेरिएबल्समध्ये होती, आणि व्हेरिएबल्स टेपवर जातात.

पण कुठेही ब्रेक मारून चालत नाही. समजा एन वाढला आणि पटावर खूण करायच्या आत ब्रेक दाबला गेला. लोड करून लूपच्या सुरुवातीपासून चालवलं की ती खूण राहूनच जाणार. एरर येणार नाही, काही येणार नाही, फक्त शेवटचं उत्तर चुकीचं येईल. अशा चुकीसारखी वाईट चूक नाही. म्हणून थांबण्याची जागा एकच: ओळ 100, लूपचं तोंड, जिथे सगळे आकडे एकमेकांशी जुळलेले असतात. तिथे इन्की-डॉलरने कुठली कळ दाबलेली आहे ते बघायचं, एस दाबलेलं असेल तर 900 वर जायचं. 900 वर लिहिलं होतं: सेव्ह "घोडा" लाइन 50. आणि 910 वर स्टॉप.

ही 'लाइन 50' महत्त्वाची. रन म्हटलं की स्पेक्ट्रम सगळी व्हेरिएबल्स पुसून मग प्रोग्राम सुरू करतो; इतक्या रात्रींची मोजणी आर या एका कळीत साफ. गो टू मात्र काहीही पुसत नाही. सेव्ह करताना लाइन 50 जोडलं की लोड झाल्या झाल्या प्रोग्राम गो टू 50 केल्यासारखा आपोआप सुरू होतो, हाताने काही टाइप करायचंच नाही. आणि 50 का, थेट 100 का नाही? कारण पडदा टेपवर आलेला नसतो. 50 ते 90 या ओळी बी ॲरे वाचून पट पुन्हा काढायच्या, सी आणि एन वर छापायच्या आणि मग 100 ला जायच्या. पडदा सेव्ह करता येतो, नाही असं नाही, सेव्ह "नाव" स्क्रीन-डॉलर. पण त्याचे 6912 बाइट, म्हणजे टेपवर चाळीस सेकंद आणखी. जे आकड्यांवरून पुन्हा काढता येतं त्यासाठी टेप का घालवा?

आता प्रत्यक्ष टेपचं प्रकरण.

मशीनमागे ईअर आणि माइक अशी दोन भोकं. सेव्ह करताना ईअरची पिन काढून ठेवायची, नाहीतर बऱ्याच रेकॉर्डरांवर आवाज फिरून परत येतो आणि रेकॉर्डिंग गढूळ होतं. कॅसेट नवी असेल तर सुरुवातीचा रंगीत, काही न उमटणारा पट्टा आधी पुढे सरकवायचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटी टाळायच्या. त्यांची फीत पातळ असते आणि ताणते. मग एस दाबायचा. पडद्याच्या तळाशी 'स्टार्ट टेप, देन प्रेस एनी की'. रेकॉर्ड आणि प्ले एकदम दाबा, फीत गतीला येईपर्यंत दोन श्वास थांबा, मग कुठलीही कळ.

पुढचं दृश्य ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. बॉर्डरवर लाल आणि निळसर हिरवे जाड पट्टे सरकायला लागतात: ही नांदी, साधारण 800 हर्ट्झचा सलग सूर, पाचेक सेकंद. मग एक छोटी किरकिर: हेडर. त्यात 17 बाइट, म्हणजे प्रकार, दहा अक्षरांपर्यंतचं नाव, लांबी, आणि आपोआप सुरू व्हायची ओळ. एक सेकंद शांतता. पुन्हा दोन सेकंद सूर, आणि मग निळे-पिवळे बारीक पट्टे वेड्यासारखे नाचतात: हा खरा मजकूर. शून्याच्या बिटासाठी आखूड लहर, एकासाठी बरोबर दुप्पट लांब. सरासरी सेकंदाला पावणेदोनशे बाइट उतरतात. माझा प्रोग्राम ॲरेंसकट दोन केच्या आसपास, त्यामुळे सगळं वीस-बावीस सेकंदांत आटपायचं. पूर्ण मेमरी भरलेल्या खेळाला चार-पाच मिनिटं लागत. त्या मानाने माझं स्वस्तात सुटायचं, म्हणून तासातासाला सेव्ह करणं परवडत होतं.

'9 स्टॉप स्टेटमेंट' आलं म्हणजे काम झालं असं नाही. मशीनने माइकमध्ये आवाज सोडला एवढाच त्याचा अर्थ. रेकॉर्डरने तो ऐकला का, हे त्याला माहीतच नसतं. टेपरेकॉर्डर बंद असला तरी ते येणारच. म्हणून व्हेरिफाय. फीत मागे घ्यायची, ईअरची पिन लावायची, आवाज पाऊण पट, ट्रेबल पूर्ण, आणि व्हेरिफाय म्हणून प्ले. मशीन टेपवरचा प्रत्येक बाइट मेमरीतल्या बाइटशी ताडून बघतं. यातही एक खोच आहे: सेव्हनंतर प्रोग्राम एक पाऊलही पुढे चालला तर मेमरी बदलते, आणि टेप ठणठणीत असूनही 'आर टेप लोडिंग एरर' येतो. 910 वरचा स्टॉप त्याच्यासाठी. स्क्रीन-डॉलरचं तर व्हेरिफाय कधी जमतच नाही, कारण फाइलचं नाव पडद्यावर छापतानाच मशीन तो पडदा बिघडवतं. हे ज्याने ठरवलं त्याला कधीतरी गाठून विचारायला हवं होतं.

कॅसेटी दोन होत्या, ए आणि बी. आज ए, उद्या बी. ताजी नोंद नेहमी जुन्या कॅसेटवर, म्हणजे रेकॉर्ड करताना मध्येच वीज गेली तरी आदल्या रात्रीची प्रत दुसऱ्या कॅसेटवर शाबूत. प्रत्येक नोंद लागोपाठ दोनदा. आणि जवळ एक शंभरपानी वही: तारीख, कॅसेट, काउंटरचा आकडा, सी, एन, आणि घोड्याच्या पहिल्या पाच-सहा चाली. दुसऱ्या रात्री लोड झालं की आधी वही आणि पडदा ताडायचे. ताई म्हणायची, कॉम्प्युटर घेतलाय तर वही कशाला? वहीशिवाय मला कळणार कसं की कालचंच लोड झालंय, परवाचं नाही? दोन्हीचं नाव 'घोडा', दोन्ही बिनतक्रार लोड होतात, दोन्ही पुढे चालतात. टेपवर तारीख नसते.

लोडिंगमधली बहुतेक दुखणी हेडची. कॅसेटच्या दारात, हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन ठरतो. गाण्यांना थोडा तिरपेपणा चालून जातो, आवाज जरा बसका वाटतो इतकंच. डेटाला चालत नाही, कारण उंच सूर आधी मरतात आणि आखूड-लांब लहरींच्या कडा बोथट होतात. मी नांदीचा सूर लावून, घड्याळजीचा पेचकस घेऊन, सूर सगळ्यात टोकदार कुठे ऐकू येतो तिथे स्क्रू थांबवायचो. घरातल्यांना तो सूर नकोसा व्हायचा. आजोबांनी एकदा विचारलं, "अरे, हे यंत्र रडतंय का?" त्यानंतर मी दार लावून घ्यायला लागलो. तरी स्क्रूला हात लावणं म्हणजे दुधारी काम: आज नीट केलेल्या कोनात कालची टेप वाचली जाईलच असं नाही. एकदा जमलं की मग पेचकस लांब ठेवायचा.

वीज जायची तेव्हा जायची. एका तासाचं नुकसान, बास. पिन लावायची, लोड, पट उमटला, वहीशी जुळला, चालू. मोजणीच्या मधल्या रात्रींबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सी कधी तासभर हलायचा नाही, कधी पटापट तीन-चार वाढायचा.

पहिला अर्धा भाग संपला तेव्हा सी होता 152. दुप्पट 304. पण खरं खोटं करायचं कुणी? मध्ये इतके जोड होते. एखाद्या जोडात काही निसटलं असेल तर ताडून बघायला माझ्याकडे पुस्तक नव्हतं, आणि विचारायला ओळखीचं कुणी नव्हतं. एकच उपाय दिसत होता: आरशातला दुसरा भागही तसाच पूर्ण मोजायचा. तिथे विजेच्या खेळामुळे थांबण्याच्या जागा आपोआप वेगळ्या पडणार होत्या. बाबांनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. पुन्हा ए, बी, ए, बी. दुसरा भाग संपला तेव्हाही 152. पाच बाय पाचच्या पटावर कोपऱ्यातून 304 मार्ग हे उत्तर बरोबर असल्याचं पुढे छापीलही वाचायला मिळालं, पण माझी खात्री त्या दुसऱ्या 152 नेच झाली होती.

आता एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, हा सगळा खटाटोप करावा लागत नाही. एसएनए नावाची एक फाइल असते, 49179 बाइटची: 27 बाइटमध्ये प्रोसेसरचे रजिस्टर आणि बाकी 48 केची अख्खी मेमरी. पडदा, स्टॅक, गोसबचे पत्ते, सगळं. मशीन एखाद्या विधानाच्या अर्ध्यात असलं तरी तिथूनच पुढे. माझी जुनी सुंदर सबरूटीन तिच्यात सुखाने जगली असती. खऱ्या मशीनलाही नंतर अशी सोय मिळाली. रोमँटिक रोबोट या कंपनीचं मल्टिफेस मागे जोडलं आणि त्याचं लाल बटण दाबलं की धावता प्रोग्राम जागच्या जागी गोठायचा आणि टेपवर उतरवता यायचा. आमच्यापर्यंत ते कधी आलं नाही.

कॅसेटी मात्र सापडल्या, म्हणून मध्यंतरी प्रयोग केला. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला, आवाज डब्ल्यूएव्ही या ध्वनी-फाइलमध्ये उतरवला, फ्यूज एम्युलेटरच्या जोडीला मिळणाऱ्या ऑडिओ2टेप या छोट्या प्रोग्रामने त्याची टेप-फाइल केली. कॅसेट ए वरची नोंद निघाली. लाल-निळे पट्टे, 'प्रोग्राम: घोडा', आणि ओळ 50 ने पट काढला. दुसऱ्या भागाच्या मधली कुठली तरी रात्र. सी 90 च्या पुढे. वही आता नाही, त्यामुळे ताडायला काही नव्हतं. एम्युलेटरचा वेग पूर्ण सोडला, आणि थोड्या वेळात सी 152 वर येऊन थांबला.

कॅसेट बी अजून दाद देत नाही. हेडर दोन्ही प्रतींचा नीट येतो, नाव छापलं जातं, आणि अगदी शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. अख्ख्या ब्लॉकला शेवटी एकच तपासणीचा बाइट असतो. कुठेतरी एक बिट उलटा वाचला गेला की दोन के नापास. पण प्रती दोन आहेत, आणि दोन्हींत नेमक्या त्याच जागी दोष असायचं कारण नाही. सध्या दोन्हींच्या लहरी लॅपटॉपवर एकाखाली एक लावून ठेवल्या आहेत आणि आखूड म्हणावी की लांब असा संशय येणारी एकेक लहर तपासतोय. पहिल्या प्रतीत अशी एक जागा सापडलीय, एक्स ॲरेच्या आसपास.